डॉब्सोनियन दुर्बीण : हाताने फिरवावी की संगणकाने?

पहिली दुर्बीण विकत घेताना हौशी आकाशनिरीक्षकापुढे एक पेच उभा राहतो. हाताशी असलेल्या पैशांत मोठा आरसा घ्यावा, की लहान आरशावर समाधान मानून आकाशातील वस्तू शोधून देणारी संगणकीय यंत्रणा घ्यावी? डॉब्सोनियन दुर्बिणीच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. कारण या दुर्बिणीचा जन्मच साधेपणाच्या आग्रहातून झाला आहे.

जॉन डॉब्सन (१९१५-२०१४) हे १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील वेदान्त सोसायटीच्या मठात दाखल झालेले संन्यासी. जहाजाच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून त्यांनी आरसे बनवले. पुठ्ठ्याची नळी आणि प्लायवूडची पेटी यांवर दुर्बीण उभी केली. १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. १९६८ मध्ये 'सॅन फ्रान्सिस्को साइडवॉक ॲस्ट्रॉनॉमर्स' ही संस्था सुरू झाली आणि पदपथावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांना डॉब्सन चंद्र व शनी दाखवू लागले. आपल्या रचनेचे पेटंट त्यांनी घेतले नाही. त्यामुळेच ती जगभरच्या हौशी मंडळींना मुक्तपणे वापरता आली.

या दुर्बिणीला दोनच हालचाली असतात : क्षितिजाला समांतर आणि वर-खाली. टेफ्लॉनच्या तुकड्यांवर ती हलक्या हाताने सरकते आणि हात काढताच जागीच थांबते. मात्र नेमकी दिशा शोधण्याचे काम निरीक्षकाचे. त्यासाठी ओळखीच्या ताऱ्यावरून शेजारच्या ताऱ्यावर, असे टप्प्याटप्प्याने जावे लागते. शौरी तारकासमूहातील एम १३ हा गोलाकार तारकागुच्छ पाहायचा असेल, तर स्वातीपासून अभिजितकडे सुमारे दोन तृतीयांश अंतर गेल्यावर चार ताऱ्यांचा चौकोन शोधायचा. त्याच्या पश्चिमेकडील बाजूवर, उत्तरेकडच्या ताऱ्यापासून एक तृतीयांश अंतरावर हा गुच्छ आहे. पहिल्या रात्री यात अर्धा तास जाईल, दहाव्या रात्री एखादे मिनिट. या खटपटीत आकाशाचा नकाशा कायमचा मनात ठसतो, हा हाती लागणारा खरा लाभ.

दुसरी अडचण पृथ्वीच्या परिवलनाची. दीडशेपट वर्धनाला साध्या नेत्रिकेतून आकाशाचा जेमतेम एक तृतीयांश अंश दिसतो. खगोलीय विषुववृत्ताजवळची वस्तू मिनिटाला पाव अंश सरकते. म्हणजे सुमारे ८० सेकंदांत ती दृष्टिक्षेत्र ओलांडते. हाताच्या दुर्बिणीला सतत हलके ढकलत राहावे लागते. एकट्या निरीक्षकाला याची सवय होते. पण वीस जणांची रांग लागली, की प्रत्येकागणिक नेम पुन्हा साधावा लागतो.

संगणकीय साह्याचे तीन प्रकार आहेत. पहिल्यात दोन्ही अक्षांवर कोन मोजणारे संवेदक असतात. आरंभी दोन ओळखीचे तारे दाखवून दिले, की किती आणि कुठे ढकलायचे हे यंत्र सांगते. ढकलतो मात्र माणूसच. दुसऱ्या प्रकारात नळीवर बसवलेल्या मोबाइल फोनचा कॅमेरा आकाशाचे छायाचित्र घेतो, त्यातील ताऱ्यांची रचना साठवलेल्या नकाशाशी जुळवतो आणि दिशा कळवतो. तिसरा प्रकार 'गो-टू'. यात मोटारी दुर्बीण लक्ष्याकडे वळवतात आणि पुढे त्याचा माग काढत राहतात. त्यासाठी वेळ, स्थळ आणि संदर्भतारे अचूक द्यावे लागतात, शिवाय वीजपुरवठाही लागतो. अशा मागामुळे लक्ष्य नेत्रिकेत टिकते. पण दृश्य हळूहळू स्वतःभोवती फिरत असल्याने दीर्घ उद्भासनाच्या छायाचित्रणाला ही बैठक तशीच उपयोगी पडत नाही.

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत संगणकाची बाजू बळकट होते. दिव्यांच्या झगमगाटात मंद तारे पुसले जातात आणि ताऱ्यावरून ताऱ्यावर जाण्याचे टप्पेच नाहीसे होतात. तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. संगणक दिशा दाखवतो, अंधार निर्माण करीत नाही. मंद दीर्घिका नेत्रिकेच्या अगदी मध्यभागी आली, तरी उजळलेल्या आकाशात ती दिसेलच असे नाही. उलट चंद्र, गुरू, शनी हे शहरातही ठळक दिसतात आणि ते शोधायला संगणक लागत नाही. शहरात त्याचा खरा उपयोग तेजस्वी तारकागुच्छ, जोडतारे आणि लहान पण उजळ तेजोमेघ यांच्यासाठी.

आरशाचे गणित सरळ आहे. आठ इंची आरसा सहा इंचीपेक्षा सुमारे ७८ टक्के अधिक प्रकाश गोळा करतो, आणि ही भर कोणत्याही संगणकाने मिळत नाही. ज्याला अधूनमधून गावाबाहेरच्या अंधारात जाणे शक्य आहे आणि शिकण्याची उमेद आहे, त्याने आरशावरच पैसे खर्चावेत. गच्चीवरूनच निरीक्षण करणाऱ्याने, किंवा शाळा-संस्थांसाठी कार्यक्रम घेणाऱ्याने, संगणकाचा विचार अवश्य करावा. ज्याचा निर्णय होत नाही, त्याने मोठा आरसा घेऊन फोनचे साह्य नंतर जोडावे. आरसा मागाहून मोठा करता येत नाही. दिशादर्शक मात्र केव्हाही बसवता येतो.