केनियातला ओला मका आणि आपल्या घरातल्या शेंगा



सुगीतला परतीचा पाऊस आपल्या भागाला नवा नाही. भुईमूग उपटून वेल रानात पसरलेले असतात, मक्याची कणसे खळ्यावर पडलेली असतात आणि नेमके तेव्हाच संध्याकाळी आभाळ भरून येते. ताडपत्री पुरत नाही. माल आणखी भिजेल किंवा रात्रीतून कोणी उचलून नेईल, या भीतीने आपण तो तसाच ओला सोप्यात आणून टाकतो. चार दिवसांनी पोत्यात हात घातला की आत ऊब लागते, कुबट वास येतो आणि दाण्यावर हिरवट-पिवळी बुरशी दिसते. मग घरातली आजी दाणे चोळते, धुते, उन्हात टाकते आणि म्हणते, "भाजल्यावर जातंय की सगळं!"

सगळे जात नाही. का जात नाही, हे समजून घेण्यासाठी आज आपण आफ्रिकेतील केनिया देशात जाऊ.

माकुएनी आणि किटुई

केनियाच्या पूर्व भागात माकुएनी आणि किटुई हे कोरडवाहू जिल्हे आहेत. तेथील माणूस आपल्यासारखाच लहान शेतकरी. मका हेच त्याचे मुख्य अन्न. मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, ज्याला ते 'उगाली' म्हणतात, तो त्यांच्या ताटात रोज असतो, जशी आपल्या ताटात भाकरी.

२००४ साली या भागात पाऊसपाणी नीट झाले नव्हते. पीक थोडे आले आणि जे आले ते काढणीच्या सुमारास अवेळी पावसात सापडले. धान्याची टंचाई असल्यामुळे चोरीची भीती होती. म्हणून लोकांनी ओला मका बाहेरच्या कणगीत न ठेवता राहत्या घरात साठवला. तेथे वारा नाही, ऊन नाही. मक्याला बुरशी लागली. पण घरात दुसरे खायला नव्हते, म्हणून तोच मका दळून खाल्ला गेला.

त्यानंतर माणसे आजारी पडू लागली. डोळे पिवळे होत, उलट्या होत, पोट आणि पाय सुजत. साधी कावीळ असेल असे प्रथम वाटले. त्या वर्षी जानेवारी ते जुलै या काळात ३१७ रुग्णांची नोंद झाली आणि त्यांपैकी १२५ जण दगावले. तपासात कारण निघाले ते मक्यावरच्या बुरशीचे विष. बाजारातील मक्याचे नमुने तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक नमुन्यांत हे विष मर्यादेपेक्षा जास्त आढळले. शेवटी सरकारने दूषित मका काढून घेऊन लोकांना दुसरे धान्य पुरविले.

याच माकुएनी भागात १९८१ सालीही असाच प्रकार घडून १२ माणसे गेली होती. २०१६ साली शेजारच्या टांझानियात ६८ जणांना बाधा झाली आणि २० जण मृत्युमुखी पडले. आफ्रिकेतील युद्धाच्या आणि दुष्काळाच्या बातम्या निदान अधूनमधून आपल्या कानी येतात. स्वयंपाकघरात येणाऱ्या या मरणाची बातमी मात्र क्वचितच कोणी देतो.

हे विष कोणते?

१९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. त्यांना ब्राझीलमधून आलेली भुईमुगाची पेंड घातली होती. त्या पेंडीत एका बुरशीने तयार केलेले विष सापडले. त्याला 'अफ्लाटॉक्सिन' असे नाव मिळाले. ही बुरशी मातीत सर्वत्र असते. पीक भरताना पाण्याचा ताण पडला, शेंगेला किडीने भोक पाडले, किंवा काढलेला माल ओला राहिला, की ती वाढते आणि विष सोडते.

हे विष यकृतावर घाव घालते. जास्त प्रमाणात पोटात गेले तर केनियासारखे मृत्यू होतात. थोडे थोडे वर्षानुवर्षे जात राहिले तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. 'ब' प्रकारची कावीळ अंगात असलेल्या माणसाला हा धोका कित्येक पटींनी वाढतो. पश्चिम आफ्रिकेतील बेनिन आणि टोगो या देशांतील लहान मुलांची पाहणी केली असता, वाढ खुंटलेल्या मुलांच्या रक्तात या विषाच्या खुणा अधिक सापडल्या.

आपल्या देशात धान्यात याची मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे एक टन धान्यात अवघे १५ मिलिग्रॅम. इतके थोडे विष डोळ्यांना दिसत नाही आणि जिभेलाही कळत नाही. बुरशी मरते, झटकली की पडते. पण तिने दाण्यात सोडलेले विष शिजवून जात नाही, आणि भाजल्याने काहीसे कमी झाले तरी पूर्ण जात नाही.

आपल्या देशात घडलेले

हे दूर आफ्रिकेतले आहे असे कोणी समजू नये. १९७४ साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांतील आदिवासी खेड्यांत अगदी हेच घडले. काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस आला, मका भिजला, बुरशी आली. गरिबांच्या घरी तोच खाल्ला गेला. ३९७ जणांना कावीळ झाली, १०६ माणसे मेली. त्या घरांतली कुत्रीही मेली, कारण त्यांनाही तीच भाकरी मिळत होती.

१९९५ साली तर आपल्या दख्खनच्या पठारावर पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन २७ खेड्यांतील लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले. ती बुरशी वेगळी, विषही वेगळे. ते धान्य बंद केल्यावर लोक बरे झाले. पण ज्वारी आपली रोजची भाकरी आहे, हे ध्यानात ठेवावे.

केनियातील लोक अडाणी किंवा बेफिकीर होते म्हणून मेले असे नाही. खराब मका टाकून द्यायचा असतो हे त्यांनाही कळत होते. पण टाकला तर मुलांना काय घालायचे? ज्याच्या घरात दुसरे पोते आहे तोच पहिले पोते उकिरड्यावर टाकू शकतो. म्हणून आफ्रिकेतील भुकेसाठी जेव्हा मदत मागितली जाते, तेव्हा ती केवळ पोट भरण्यासाठी नसते. विषारी घास नाकारता यावा, एवढे बळ ती गरिबाला देते.

आपण काय करावे?

१. शेंगा वेळेवर काढाव्यात. पीक भरताना शक्य असेल तर एखादे पाणी द्यावे. काढताना खुरप्या-कुदळीने शेंगा फुटू देऊ नयेत. फुटक्या, किडक्या आणि कोवळ्या शेंगा त्याच वेळी वेगळ्या कराव्यात.

२. वेल उलटे करून, शेंगा वर येतील असे वाळवावेत. शेंगा हलवल्यावर आत दाणा खुळखुळला पाहिजे. फोडणीच्या वेळी शेंगांवर पाणी मारण्याची सवय घातक आहे. वजन वाढते, पण बुरशीलाही पाणी मिळते.

३. मका वाळला की नाही हे पाहण्यासाठी घरगुती परीक्षा आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर मका आणि चमचाभर अगदी कोरडे मीठ घालून चांगले हलवावे आणि थोडा वेळ ठेवावे. मीठ बाटलीच्या कडांना चिकटले तर मका अजून ओला आहे, साठवू नये.

४. पोती जमिनीवर किंवा भिंतीला लावून न ठेवता फळ्यांवर ठेवावीत. ओला माल प्लास्टिकच्या पोत्यात बांधू नये. पुराचे पाणी शिरलेले धान्य, कितीही वाळवले तरी, खाण्यात आणू नये. २०१९ च्या ऑगस्टमधला कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगेचा महापूर आपण विसरलेलो नाही.

५. बुरशीचे, सुरकुतलेले, रंग बदललेले दाणे निवडून काढावेत. बहुतेक विष अशा थोड्याच दाण्यांत असते, त्यामुळे निवडण्याचा मोठा उपयोग होतो.

६. निवडून काढलेले दाणे जनावराला घालू नयेत. गाई-म्हशीने खाल्लेल्या या विषाचा अंश दुधात उतरतो आणि ते दूध आपलीच मुले पितात. असे दाणे घाण्यालाही देऊ नयेत. पुरून टाकावेत.

७. बाळाला जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत 'ब' काविळीची लस टोचून घ्यावी आणि पुढचे डोसही चुकवू नयेत. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते.

आणखी एक गोष्ट, जी लिहिताना मला संकोच वाटतो, पण लिहिलीच पाहिजे. चांगला माल बाजाराला, मध्यम घरी आणि हबकलेला माल मजुराला, अशी वाटणी काही ठिकाणी होते. "गरीब आहे, खाईल," असे म्हणून दिलेले ते मापटे दान नव्हे. जे आपण आपल्या लेकराच्या ताटात वाढणार नाही, ते कामाला आलेल्या बाईच्या पदरात घालू नये.

आफ्रिकेकडून शिकण्यासारखे

शेवटी एक आशेची गोष्ट. नायजेरियातील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय शेती संस्थेत रणजित बंद्योपाध्याय या भारतीय शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह 'अफ्लासेफ' नावाचा उपाय विकसित केला. या बुरशीच्या काही जाती विष तयार करीत नाहीत. अशा निरुपद्रवी जाती त्याच देशाच्या मातीतून शोधून, ज्वारीच्या दाण्यांवर लावून, पीक फुलोऱ्यावर येण्याच्या दोन-तीन आठवडे आधी हेक्टरी १० किलो या प्रमाणात शेतात फोकतात. चांगली बुरशी वाढते आणि विषारी बुरशीला जागा उरत नाही. आफ्रिकेतील अनेक देशांत शेतकरी आज हे वापरीत आहेत. म्हणजे जेथे संकट आले तेथेच त्यावरचा उपायही शेतात उभा राहिला.

ती सोय आपल्या दारी येईल तेव्हा येईल. तोपर्यंत ऊन, फळी आणि निवडणारे हात एवढे तरी आपल्यापाशी आहेत. या आठवड्यात घरातले एक पोते उघडा, आत हात घाला आणि वास घ्या. ऊब लागली तर माल लगेच उन्हात पसरा आणि बुरशीचा दाणा एकही चुलीपर्यंत जाऊ देऊ नका.