उन्हाच्या पायऱ्या

शब्दांच्या व्युत्पत्तीचा नाद वाईट नाहीं. परंतु तो कधीं कधीं माणसास तोंडघशीं पाडतो. आमच्यावर असा प्रसंग सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं आला. तो वाचकांपुढें मांडण्यांत आतां संकोच बाळगण्याचें कारण उरलेलें नाहीं.

आम्ही संस्कृताचे शिक्षक. आमची शाळा नागपुरांत इतवारीच्या अंगास होती. एके दिवशीं इंग्रजीचे शिक्षक रजेवर असल्यामुळें त्यांचा तास आमच्याकडे आला. भाषांतराच्या उताऱ्यांत अमेरिकेंतल्या बेसबॉलच्या एका सामन्याचें वर्णन होतें आणि मुलें 'ब्लीचर्स'मध्यें बसून ओरडत होतीं, असें त्यांत एक वाक्य होतें. शब्द आम्हांस ठाऊक नव्हता. पण संस्कृत शिकलेल्या माणसाचें शब्दावांचून अडत नाहीं, अशी तेव्हां आमची समजूत होती. 'ब्लीच' म्हणजे कापड पांढरें करणें. त्यास 'अर' हा कर्तृवाचक प्रत्यय लागला, जसा आपल्याकडे ण्वुल् किंवा तृच्. पच् पासून पाचक, तसा ब्लीचपासून ब्लीचर. आम्हीं फळ्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलें, "परिटांच्या घोळक्यांत बसून मुलें ओरडत होतीं."

मागच्या बाकावर एक वरठ्याचा मुलगा बसे. (आमच्या वऱ्हाड-नागपुराकडे परिटास वरठी म्हणतात.) सारा वर्ग त्याच्याकडे वळून हंसला. तो उभा राहिला व म्हणाला, "गुरुजी, सामना सुरू असतांना वरठी तिथं काय करून राहिले होते? ती बसायची जागा असंल. उन्हांतली." आम्हीं त्यास खालीं बसविलें आणि "कोश पाहून बोलत जा," असें वर सुनावलें. कोश आम्हींही पाहिला नव्हता.

पुढें बऱ्याच वर्षांनीं एका मोठ्या इंग्रजी कोशांत भलताच शब्द शोधीत असतां आमची दृष्टि या शब्दावर गेली. १८८० ते १८९० च्या दशकांत अमेरिकेंतल्या बेसबॉलच्या मैदानांवर छपराखालची जागा महाग असे व उघड्यावरच्या फळ्यांची बैठक स्वस्त असे. त्या फळ्या बारा महिने उन्हांत राहून पांढुरक्या पडत. म्हणून त्या बैठकीस 'ब्लीचर्स' हें नांव पडलें. शिकागोच्या रिग्ली फील्डवरील असल्या बैठका आजही प्रसिद्ध आहेत. विलायतेंत मात्र शब्द या अर्थानें रुळला नाहीं, आणि आमचें इंग्रजी तर सारें विलायती वळणाचें. आम्ही प्रत्यय पाहून कर्ता शोधीत बसलों. येथें क्रिया ज्या फळीवर घडली तिलाच नांव मिळालें होतें, आणि खरा कर्ता आकाशांत होता.

गंमत अशी कीं, सिव्हिल लाइन्समधील ज्या मैदानावर १९६९ सालीं नागपुरांतला पहिला कसोटी सामना झाला, तेथल्या उघड्या पायऱ्यांवर डोक्यास दुपट्टा गुंडाळून आम्हीही बसलों आहों. आपण 'ब्लीचर्स'मध्यें बसलों आहों हें आम्हांस कोणी सांगितलें नाहीं. आणि नागपूरच्या उन्हांत माणूस पांढरा पडत नाहीं, काळवंडतो, ही गोष्ट निराळी!

तथापि उन्हाचा व कापडाच्या शुभ्रतेचा संबंध फार जुना. युरोपांत पूर्वीं तागाचें कापड खारवणांत उकळून, आंबट ताकांत बुचकळून, कित्येक महिने कुरणावर उन्हांत पसरून ठेवीत. हॉलंडांतलें हार्लेम गांव या कामासाठीं नांवाजलेलें होतें. १७७४ सालीं शीले यानें क्लोरीन वायु शोधून काढला. १७८५ त बर्थोले यानें त्याचा रंग घालविण्याचा गुण दाखविला. आणि १७९९ त टेनंट यानें तो वायु विझविलेल्या चुन्यांत जिरवून पूड करण्याचें पेटंट घेतलें. तीच ही ब्लीचिंग पावडर. महिन्यांचें काम त्यामुळें थोड्या दिवसांवर आलें व कुरणें मोकळीं झालीं. हल्लींच्या मुली 'ब्लीच' चेहऱ्यासही लावतात. त्याविषयीं आम्ही न बोललेलें बरें.

आपल्याकडेही हें शास्त्र कमी नव्हतें. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत रेशीम व लोकर यांस खारी माती, कांबळ्यांस रिठे आणि क्षौम वस्त्रांस पांढरी मोहरी सांगितली आहे. अमरकोशांत कोऱ्या वस्त्रास 'अनाहत' म्हटलें आहे, तर धुतलेल्या वस्त्रांच्या जोडीस 'उद्गमनीय' असा स्वतंत्र शब्द दिला आहे. 'रजक' हा शब्द तर रञ्ज् म्हणजे रंगविणें या धातूपासून आलेला. रंग काढणाऱ्यास रंग चढविणाऱ्याचें नांव! इंग्रजींतले 'ब्लॅक' आणि 'ब्लीच' हेही मुळांत चकाकणें, जळणें अशा अर्थाच्या एकाच प्राचीन धातूचे, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. जळतें तें उजळतें, आणि जळून गेलें कीं काळें पडतें.

हे सारे शब्द आम्ही वर्षानुवर्षें शिकविले. पण ज्यांच्या हातीं हें काम होतें त्यांना एक प्रश्न विचारण्याचें कधीं सुचलें नाहीं. आमच्या घरीं वरठ्याकडून आलेलें पांढरेंशुभ्र धोतर पुन्हां विहिरीच्या पाण्यांत बुडविल्याखेरीज सोवळ्यास चालत नसे. तेंच वळण आमच्या कानांसही पडलें असावें.

मागील हिवाळ्यांत इतवारीच्या कापडबाजारांत एका दुकानदारानें आम्हांस हांक मारली. तो तोच विद्यार्थी. आतां केस आमच्याइतकेच पिकलेले. चहा झाल्यावर आम्हीं त्यास कोशांतली हकीकत सांगितली आणि तुझें बरोबर होतें, आमचें चुकलें, असें स्पष्ट म्हटलें. ओळखलें कसें, असेंही विचारलें.

"त्यांत काय, गुरुजी?" तो म्हणाला, "कोश घरीं कुठं होता? पण बाबा सांगत, खार मळ काढते, पाणी खार काढते, अन् पांढरं करते ते ऊन. भट्टी झाल्यावर नागनदीच्या काठीं धोतरं पसरून मी राखणीला बसत होतो. ब्लीच म्हटलं कीं मला ऊनच दिसे." मग हंसून म्हणाला, "त्या वाक्याचे दोन गुण मात्र राहिले बरं का."

आम्हीं त्याच्या गल्ल्यावरचें पावतीपुस्तक ओढून घेतलें, एका पावतीच्या पाठीवर दोन गुण लिहिले आणि खालीं तारखेसह सही केली. त्यानें ती पावती फाडून घेतली व गल्ल्यांत ठेवली.