रोवणी झाली, आता वजन उचला!

गोंदियाच्या पोरींनो, धानाच्या बांधीत दिवसभर वाकून रोवणी केली की दमसास वाढतो. ताकदीसाठी मात्र जड वजनच हवं. नवख्यांनी 8 ते 12 वेळांत थकवेल एवढं वजन घ्यावं. म्हणजे एकदाच जेमतेम उचलता येईल त्याच्या साधारण 60-70 टक्के. सराव झाला की 80 टक्क्यांच्या पुढे, पण कमी वेळा. हलक्या वजनानेही थकेपर्यंत केलं तर स्नायू भरतात. कमाल ताकद मात्र जड वजनानेच जास्त वाढते.

'पुरुषी दिसशील' ही भीती फोल! वडगाव मावळची वेटलिफ्टर हर्षदा गरुड बघा: 45 किलो गटात एकूण 153 किलो उचलून 2022 मध्ये ज्युनिअर जागतिक सुवर्ण.

जिम नाही? अर्धं भरलेलं पोतं घ्या, पाठ सरळ ठेवा, आठवड्यातून दोनदा उचला.