मलई की बदामी?

दिवाळीपूर्वी आमच्या बैठकीच्या खोलीला रंग द्यायचे ठरले आणि घरात दोन पक्ष पडले. आईला बदामी हवा होता, मला मलई. शेडकार्डावर दोन्ही चौकोन इतके सारखे, की रंगारी हसू लागला. पण मागे एकदा आम्ही फसलो होतो. कार्डावर फिकट वाटलेला रंग भिंतींवर चढला तो पिवळाजर्द होऊन! खोली इतकी अंधारली, की आईला भर दुपारी दिवा लावून वाचावे लागे. सात वर्षे ते सोसले. पुन्हा रंग काढण्याइतके पैसे नव्हते.

असे का झाले? विद्यार्थिमित्रहो, थोडे गणित करू. या छटांमध्ये पांढऱ्या रंगद्रव्यात पिवळे किंवा तांबूस रंगद्रव्य किंचित मिसळलेले असते आणि ते निळा प्रकाश अधिक शोषते. समजा, एखादा रंग तांबड्या प्रकाशापैकी ८० टक्के व निळ्यापैकी ६० टक्के परावर्तित करतो. कार्डावरून प्रकाश एकदाच परावर्तित होऊन डोळ्यांत येतो. खोलीत मात्र तो एका भिंतीवरून दुसरीवर, तेथून तिसरीवर जातो. दुसऱ्या परावर्तनानंतर तांबडा ६४ टक्के उरतो, निळा ३६. तिसऱ्यानंतर सुमारे ५१ आणि २२. म्हणजे प्रकाश कमी होतो आणि रंग गडद होत जातो. भिंतच भिंतीला रंगवते म्हणा ना!

त्यात दिव्याची भर. एलईडी दिव्याच्या खोक्यावर केल्विनमध्ये आकडा छापलेला असतो. २७०० केल्विनचा दिवा पिवळसर, ६५०० चा निळसर. दुकानातल्या दिव्याखाली जुळे भासणारे दोन रंग घरच्या दिव्याखाली वेगळे दिसू शकतात.

या वेळी मी बुटांची दोन रिकामी खोकी घेतली. रंगांचे लहान डबे आणून एक खोके आतून मलई, दुसरे बदामी रंगवले, झाकणेसुद्धा. वाळल्यावर दुसरा हात दिला. प्रत्येकाच्या एका बाजूला खिडकी कापली, दुसऱ्या बाजूला डोळ्यापुरते भोक. खोके लहान असले तरी बिघडत नाही. भिंतींचे एकमेकींशी प्रमाण खोलीसारखे असले, की परावर्तनाचा हिशेब तोच राहतो.

दोन्ही खोकी खोलीच्या खिडकीत ठेवली. रात्री दिव्याखालीही पाहिली. आईने बदामी खोक्यात डोकावले. "अरे, हा तर चहा झाला की!" मग मलईच्या खोक्यात वर्तमानपत्राचा तुकडा ठेवून तिने तो वाचून पाहिला आणि रंगाऱ्याला निरोप धाडला. छत मात्र पांढरेच ठेवायला सांगितले.