ई-मेलचे बिऱ्हाड बदलताना

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले, तेव्हा नागावच्या नारळी-पोफळीच्या वाड्या कशा आडव्या झाल्या हे येथील मंडळींस सांगावयास नको. आमच्या संघटनेच्या खोलीतील संगणक त्या पावसात भिजला. ई-मेलचा पत्ता शाबूत होता, नवी पत्रे येत होती. पण ग्रॅच्युइटीच्या मागण्यांचा जुना पत्रव्यवहार कोठेच सापडेना. छपराचे पत्रे उडाले ते पुन्हा आणता आले. संगणकातील पत्रे गेली ती गेलीच.

असे का व्हावे? आमचे खाते ‘पॉप’ पद्धतीचे होते. प्रोटोकॉल म्हणजे दोन यंत्रांनी आपसांत पाळावयाचा शिरस्ता. १९८४ साली मांडलेला पॉपचा शिरस्ता टपालवाल्यासारखा आहे : पत्र तुमच्या हाती दिले की त्याची जबाबदारी संपली. ‘प्रत सर्व्हरवर ठेवा’ असे सांगून ठेवले नसेल, तर सर्व्हरवर काहीच उरत नाही. टेलिफोनच्या तारेवरून मिनिटे मोजून जोडणी घ्यावी लागे त्या काळी हे सोयीचेच होते. १९८६ साली स्टॅनफर्ड येथे मार्क क्रिस्पिन यांनी ‘आयमॅप’ योजला. त्यात पत्रे सर्व्हरवरच राहतात. संगणक आणि फोन ही त्यांच्याकडे पाहण्याची केवळ खिडकी.

तेव्हा पॉपवरून आयमॅपवर जावे हे खरे. पण घाईने जुने खाते पुसले की पत्रेही त्याबरोबर जातात. प्रथम आलेली सर्व पत्रे एकदा उतरवून घ्यावीत, आपोआप पत्रे उतरवण्याची सोय बंद करावी, आणि मेलचा संपूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर नकलून ठेवावा. सर्व्हरवर जागा पुरेल ना, तेही पाहावे. थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये पॉपचे खाते आयमॅपचे करता येत नाही. तोच पत्ता दुसरे खाते म्हणून आयमॅपने जोडावा लागतो. दोन्ही शेजारी दिसू लागली की जुन्यातील पत्रे नव्यात ओढावीत. ‘हलवा’ नव्हे, ‘कॉपी’. आणि एका वेळी शे-दोनशेच. आपल्याकडची जोडणी मध्येच तुटते.

‘सेंट’चा फोल्डर बहुतेकजण विसरतात. पॉपमध्ये आपण धाडलेली पत्रे बहुधा आपल्याच यंत्रात राहतात, आणि कामगाराची मागणी तर त्यांतच असते!

पत्रे फॉरवर्ड करून मात्र हलवू नयेत. फॉरवर्ड केलेल्या पत्रावर आजची तारीख आणि आपलेच नाव चढते. मालकाने ते कधी धाडले, हाच तर वाद असतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशी नोंद प्रमाणपत्रासह पुराव्यात देता येते. ती मुळाबरहुकूम हवी.

मग दोन्हीकडची संख्या ताडावी, फोनवरून चार-दोन जुनी पत्रे जोडपत्रांसह उघडून पाहावीत. महिनाभर काही खटकले नाही, तरच जुने खाते काढावे. आयमॅपमध्ये एका ठिकाणी पुसलेले पत्र सगळीकडून पुसले जाते, म्हणून ती पहिली डिस्क आम्ही अजून जपतो. कपाटाच्या वरच्या फळीवर.