एका क्रीडाशिक्षिकेची कारकीर्द

ज्यास आपले वडीलधारे हुतूतू म्हणत आले, त्या कबड्डीस साहित्य असे काहीच लागत नाही. आखलेली जमीन व छातीत दम, एवढ्यावर तो खेळ उभा आहे. आपल्या विदर्भाचा तर त्यावर विशेष हक्क आहे. १९३६ साली बर्लिन येथील ऑलिंपिकच्या प्रसंगी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तो परकीयांस प्रथम करून दाखविला.

परंतु खेळ खेळणे निराळे आणि शिकविणे निराळे. मुलींस खेळ शिकविणे हे सबंध आयुष्याचे काम होऊ शकते, ही गोष्ट पालकांच्या ध्यानी अजूनही पुरती आलेली नाही. अमेरिकेत बास्केटबॉल १८९१ साली निघाला, तो पुरुषांकरिता. पुढे थोड्याच काळात स्मिथ कॉलेजातील सेंडा बेरेन्सन या व्यायामशिक्षिकेने नियमांत फेरफार करून तो विद्यार्थिनींस शिकविला. १८९३ च्या मार्चमध्ये तेथे सामना झाला, तेव्हा पुरुष प्रेक्षकांस मज्जाव होता!

आपल्याकडील उदाहरण श्रीमती शैलजा जैन यांचे. त्यांचा जन्म नागपूरचा, कर्मभूमी नाशिक. महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा खात्यात त्यांनी पुष्कळ वर्षे मुलींस कबड्डीचे धडे दिले. भारतीय संघास शिकवावे अशी त्यांची इच्छा होती. तो योग आला नाही. मात्र इराणहून बोलावणे आले, आणि साठीच्या उंबरठ्यावर ही बाई परमुलुखी गेली. खाणे वेगळे, भाषा वेगळी. शिष्यिणींशी बोलता यावे म्हणून त्यांनी फारसी शिकण्यास आरंभ केला, व सरावात योगासने आणि प्राणायाम घातले. यात नवल नाही. चढाई करणारीस एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत सात जणींच्या तावडीतून परतावयाचे असते. श्वास सुटला की चढाई फुकट.

इराणी मुलींच्या अंगी बळ होतेच. २०१४ साली आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्या भारताकडून हरल्या होत्या. २४ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्ता येथे त्याच दोन संघांत पुन्हा अंतिम सामना झाला. इराण २७, भारत २४! २०१० पासून भारताकडे असलेले सुवर्णपदक गेले, व ते नेणाऱ्या संघाची शिक्षिका भारतीय होती.

आपल्याच देशाचा पराभव घडवावा हे योग्य काय, असे कोणी विचारील. मला तर त्यांचे करणे योग्यच वाटते. पुढे बसलेली मुलगी कोणत्या देशाची, हे पाहून जो विद्या हातचे राखून देतो, त्यास गुरू कसे म्हणावे? शिवाय भारतीय मुलींनाही त्या पराभवाने जाग आलीच असेल. २०२३ साली हांगचौ येथे त्यांनी सुवर्णपदक परत मिळविले, तेही अवघ्या एका गुणाने, २६ विरुद्ध २५. आणि या खेपेस समोर इराण नव्हता, तैवानचा संघ होता.