भोवळ की फिट? आधी हकीकत ऐका

झेंडावंदनाला उन्हात ताटकळलेली एखादी मुलगी कोसळते, हातपाय दोन-चारदा झटकते, तिचे डोळे वर जातात आणि जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणतं, ‘फिट आली.’ कुणी कांदा हुंगवतं, कुणी चप्पल नाकाशी धरतं. काही सेकंदांत ती डोळे उघडते. श्रेय कांद्याला मिळतं, मिरगीचा शिक्का मात्र मुलीवर बसतो. हा शिक्का बहुतेक वेळा टाळता येतो, आणि त्यासाठी सर्वांत उपयोगी पडते ती पडणाऱ्यानं आणि पाहणाऱ्यानं सांगितलेली तपशीलवार हकीकत, असं माझं ठाम मत आहे.

आपण उभे राहतो तेव्हा अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. एरवी रक्तवाहिन्या आकसतात, हृदयाचे ठोके वाढतात आणि रक्तदाब सावरला जातो. पण फार वेळ उभं राहणं, उकाडा, सुई टोचणं किंवा रक्त पाहणं यांमुळे काही जणांत नेमकं उलट घडतं: वाहिन्या सैलावतात, ठोके मंदावतात, रक्तदाब कोसळतो. इंग्लंडमधले हृदयविकारतज्ज्ञ थॉमस लुईस यांनी १९३२ साली या प्रकाराचं ‘व्हेसोव्हेगल’ असं वर्णन केलं. मेंदूचा रक्तपुरवठा सहा ते दहा सेकंद तुटला तरी शुद्ध हरपते. भोवळ येऊन गेलेली माणसं त्याआधीचे क्षण जवळजवळ सारख्याच शब्दांत सांगतात. पोटात कालवलं, दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, आवाज लांबून येऊ लागले. आधी नजर जाते, कारण डोळ्याच्या आतल्या दाबामुळे तिथला पडदा रक्ताच्या तुटवड्याला लवकर बळी पडतो. म्हणजे ही सांगणी घसरत्या रक्तदाबाची नोंदच आहे.

पण हातपाय झटकले, त्याचं काय? १९९४ साली थॉमस लेम्पर्ट आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी निरोगी तरुणांना मुद्दाम भोवळ आणून त्याचं चित्रीकरण केलं. पूर्ण शुद्ध हरपलेल्या ४२ जणांपैकी सुमारे ९० टक्क्यांमध्ये झटके दिसले, आणि शुद्ध सरासरी १२ सेकंदच हरपली होती. तेव्हा झटक्यांवरून मिरगी ठरत नाही. मिरगीचा मोठा झटका बहुधा मिनिटभर किंवा जास्त चालतो, जीभ कडेला चावली जाते आणि नंतर बराच वेळ माणूस गोंधळलेला राहतो. भोवळीनंतर चेहरा पांढराफटक असला तरी भान लगेच परततं. आपल्याकडे हा फरक फार महत्त्वाचा आहे. हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा उल्लेख १९९९च्या दुरुस्तीनं वगळला गेला, पण स्थळ पाहणाऱ्यांच्या मनातून तो गेलेला नाही. अपस्मार असणाऱ्यांवरही हा अन्यायच आहे.

यावर कुणी म्हणेल, हकीकतीवर विसंबण्यापेक्षा मेंदूचा स्कॅन काढलेला काय वाईट? साध्या भोवळीत स्कॅनमध्ये सहसा काहीच सापडत नाही. खर्च होतो आणि धास्ती वाढते. मेंदूच्या लहरींचा आलेखही निरोगी माणसात कधीकधी किंचित वेगळा येतो, आणि तेवढ्यावरून गोळ्या सुरू झाल्या तर चूक पक्की होते. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: ‘साधी भोवळ’ म्हणता म्हणता हृदयविकार निसटला तर? ही भीती खरी आहे, म्हणून ईसीजी प्रत्येकाचा काढावा. धावताना किंवा आडवं असताना शुद्ध गेली, कसलीही पूर्वसूचना नव्हती, छातीत धडधडलं किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक दगावलं असेल, तर हृदयाची तपासणी तातडीनं हवी. पण या धोक्याच्या खुणाही हकीकतीतूनच कळतात.

प्रत्यक्ष प्रसंगी पडलेल्याला उठवून बसवू नये. आडवं झालं की रक्त मेंदूकडे परततं; धरून बसवलं तर तुटवडा लांबतो आणि झटके वाढू शकतात. पाय थोडे उंच करावेत, पूर्ण भानावर येईपर्यंत तोंडात पाणी घालू नये, किती वेळ गेला ते घड्याळात पाहावं. आणि डॉक्टरांकडे जाताना, पडताना जो शेजारी उभा होता त्याला सोबत न्यावं. ते जमत नसेल तर तिथूनच त्याला फोन लावून द्यावा.